मरोळचा बर्फ

मुंबईत बर्फ पडत नाही, हे सांगण्यासाठी भूगोलाच्या विद्यार्थिनीची आवश्यकता नाही. तरीसुद्धा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बाराही महिने बर्फ पडतो, असे मी म्हटले तर वाचक हसतील. पण गोष्ट खरी आहे. माझा मामेभाऊ तेथे नोकरीला आहे. परदेशातले वास्तुशिल्पज्ञ आपल्या इमारतींचे नकाशे पाठवतात आणि इमारत पुरी झाल्यावर कशी दिसेल त्याची चित्रे दादा व त्याचे सहकारी संगणकावर तयार करतात. आधी इमारतीची प्रतिकृती संगणकात उभी करायची, मग तीवर ऊन, सावली, काच, लाकूड, झाडे यांचा साज चढवायचा. अशा तयार चित्राला त्यांच्या बोलीत 'रेंडर' म्हणतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दादाकडे कॅनडातील टोरांटो शहराजवळच्या एका घराचे काम आले. घर जानेवारीत कसे दिसेल ते हवे होते. दादाने दोन रात्री जागून छप्पर, अंगण, झाडे, कुंपण सारे पांढरेशुभ्र करून पाठवले. तिसऱ्या दिवशी उत्तर आले, की हा बर्फ वाटत नाही, घराला पांढरा रंग फासल्यासारखा वाटतो.

दादा हिरमुसला. रविवारी घरी आला तेव्हा म्हणाला, "आपण कधी पाहिलाय का गं बर्फ? मी तर अजून नाशिकच्या पुढं गेलो नाही."

"मी तरी कुठं पाहिलाय, दादा?" मी म्हटले. "पण भूगोलाच्या पुस्तकात वाचलाय."

या बोलण्यातूनच हा लेख जन्माला आला. जे आपण पाहिलेले नाही ते खरेपणाने रेखाटता येईल काय? पुढचे दोन आठवडे मी आसल्फाहून मेट्रोने मरोळला जात होते आणि दादाच्या खुर्चीमागे बसून या प्रश्नाचे उत्तर शोधत होते. जे समजले ते येथे मांडते.

पहिली अडचण भाषेची निघाली. फ्रीजमधला चौकोनी तुकडा, मासेवालीच्या टोपलीखालची लादी आणि हिमालयावर भुरभुरणारे हिम या सर्वांना आपण बर्फच म्हणतो. थंडीच्या दिवसांत महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठते. त्याचीही बातमी वर्तमानपत्रे 'हिमकण' म्हणून देतात. वस्तुतः ते जमिनीवरच गोठलेले दव असते, आकाशातून पडलेले नसते. खरे हिम ढगातच जन्मते. तेथे बाष्पाचे थेट स्फटिक होतात आणि ते षट्कोनी असतात. जपानमधील होक्काइदो येथे उकिचिरो नाकाया या शास्त्रज्ञाने १९३६ साली प्रयोगशाळेत असा स्फटिक प्रथम वाढवून दाखवला. मात्र जमिनीवर पडल्यावर हे नाजूक स्फटिक मोडतात, एकमेकांना चिकटतात, गोलसर होतात. म्हणून बर्फ काढायचा म्हणजे सहा टोकांच्या चांदण्या काढायच्या, ही समजूत पहिल्या दिवशीच सोडावी लागली.

दुसरी अडचण सवयीची. आपल्याकडे बर्फ म्हणजे गणपतीच्या देखाव्यातला कैलास! लहानपणी दादा मंडळाच्या सजावटीत रात्र रात्र काम करायचा. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, त्यापूर्वीची ही गोष्ट. थर्माकोलचा डोंगर कापायचा आणि त्यावर पिंजलेला कापूस चिकटवायचा. गुहेच्या छताला खालून कापूस, उभ्या कड्याला कापूस, शंकराच्या त्रिशूळालाही कापूस! पाहणारा भक्तिभावाने पाहतो, त्याला खटकत नाही. सिनेमावाल्यांनीही पुष्कळ काळ असेच केले. अमेरिकेत पांढरा रंग दिलेले कॉर्नफ्लेक्स बर्फ म्हणून पसरीत. पायाखाली ते इतके कुरकुरत, की संवाद मागाहून ध्वनिमुद्रित करावे लागत. १९४६ च्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ' या चित्रपटासाठी आग विझवण्याच्या फेसापासून बर्फ केला गेला. हे सारे दिसण्याचे अनुकरण झाले. दादाचा पहिला बर्फही याच कुळातला होता. त्याने पांढरेपणा उचलला होता, पांढरेपणाचे कारण उचलले नव्हते.

आता कारणांकडे वळते.

पहिले कारण सूर्य. दादाच्या चित्रात ऊन डोक्यावर होते आणि सावल्या आखूड होत्या. मी कागद घेऊन साधे गणित मांडले. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, टोरांटो सुमारे ४३.७ अंशावर. २१ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी मुंबईत सूर्य क्षितिजापासून जवळजवळ साडेसत्तेचाळीस अंश वर असतो, टोरांटोत मात्र जेमतेम तेवीस अंश. जानेवारीतही फारसा फरक पडत नाही. म्हणजे १० मीटर उंचीच्या घराची भरदुपारची सावली मुंबईत नऊ-सव्वानऊ मीटर पडेल, तर तेथे साडेतेवीस मीटरांहून लांब. दादाने टोरांटोच्या बर्फावर मुंबईचे ऊन पाडले होते! सूर्य खाली उतरवताच चित्राचा अर्धा खोटेपणा गेला. बर्फाचे उंचवटे दिसू लागले, कारण तिरप्या उन्हात प्रत्येक उंचवट्याला स्वतःची सावली मिळते.

दुसरे कारण प्रकाशाचे. हे मला आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या गोळेवाल्या काकांमुळे उमगले. त्यांच्या गाडीवरची बर्फाची लादी काचेसारखी पारदर्शक असते. तीच लादी रंध्यावर घासली की खाली पांढराशुभ्र कीस पडतो. मग पांढरा रंग आला कोठून? कोठूनच नाही. किसलेल्या बर्फात असंख्य बारीक कण आणि त्यांच्यामध्ये हवा असते. प्रकाश आत शिरतो, प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर थोडा वळतो, थोडा परततो आणि हजारो ठेचा खाऊन बाहेर येतो. कोणताच रंग फारसा शोषला न गेल्यामुळे बाहेर येणारा प्रकाश पांढरा दिसतो. साखर आणि मीठ पांढरे दिसतात तेही याच कारणाने. ताजे हिम पडलेल्या प्रकाशापैकी ८० ते ९० टक्के परत फेकते. डांबरी रस्ता सुमारे ५ ते १० टक्केच.

यातून चित्रकाराला दोन धडे मिळतात. एक, बर्फाला संगणकातला पूर्ण पांढरा रंग देऊ नये. पूर्ण पांढऱ्याच्या पुढे जागाच उरत नाही, मग उन्हातला बर्फ आणि ढगाखालचा बर्फ सारखाच दिसतो. दुसरा धडा असा, की प्रकाश पृष्ठभागावरून नुसता उडवायचा नाही, तो आत शिरू द्यायचा. दूध, संगमरवर, माणसाची कातडी यांत प्रकाश असाच आत फिरून बाहेर येतो. हे हिशेबात पकडण्याची व्यवहार्य रीत हेन्रिक येन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मांडली. ती आल्यापासून संगणकातले दूध चुन्याच्या पाण्यासारखे दिसेनासे झाले. बर्फाच्या पातळ कडेला उन्हात जो मऊपणा येतो, तो याच रीतीने आणता येतो. सावल्यांना निळसर छटा हवी, कारण सावलीतल्या बर्फाला उजळवते ते निळे आकाशच. खोल खळग्यातला बर्फ तर स्वतःही किंचित निळसर दिसतो. बर्फ तांबडा प्रकाश थोडा अधिक शोषतो आणि लांबचा प्रवास करून आलेल्या प्रकाशात निळा शिल्लक राहतो.

तिसरे कारण बर्फ कोठे टिकतो याचे. येथे मला आमच्या घराची ताडपत्री आठवली. आम्ही आसल्फाच्या डोंगरावर राहतो. पावसाळ्यापूर्वी पत्र्यांवर निळी ताडपत्री अंथरतात. जेथे उतार चांगला असतो तेथून पाणी वाहून जाते. जेथे ताडपत्री सपाट असते तेथे तिला पोट सुटते, पाणी साचते आणि आई आतून काठीने ते वर ढकलते. शेजारच्या पत्र्याची वळचण आमच्या पत्र्यावर आली आहे, तेवढी पट्टी कोरडी राहते. बर्फाचे शास्त्र याहून फार वेगळे नाही. संगणकातील प्रत्येक पृष्ठभागाला एक दिशा असते, म्हणजे त्याचे तोंड कोणीकडे आहे ते ठरलेले असते. ज्यांचे तोंड आकाशाकडे त्यांवर बर्फ, भिंतीवर जवळजवळ नाही, छताच्या खालच्या अंगाला मुळीच नाही. कापसाच्या कैलासात नेमकी हीच चूक होती.

पण आकाशाकडे तोंड असले तरी वर वळचण असेल तर? या प्रश्नावर ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील पॉल फिअरिंग यांनी २००० साली मोठी सुंदर युक्ती प्रसिद्ध केली. आकाशातून कोट्यवधी कण सोडून त्यांतले किती घरावर पडतात हे मोजत बसण्याऐवजी त्यांनी उलट केले. जमिनीवरच्या आणि छपरावरच्या प्रत्येक ठिकाणाहून कण वर सोडले, वाऱ्यात गिरकत गिरकत. जो कण आकाशापर्यंत पोचला त्याच्या जागी बर्फ पडणार. ज्याला वाटेत छज्जा आडवा आला त्याच्या जागी कमी. प्रश्न खालून विचारला म्हणून सोपा झाला!

चौथे कारण वजन आणि उतार. फिअरिंग यांच्या रीतीत बर्फ पडून संपत नाही. ढीग पेलवणार नाही इतका चढा झाला की तो खाली घसरवला जातो. गहू ओतला, वाळू ओतली, तरी ढिगाचा उतार एका ठराविक कोनापलीकडे उभा राहत नाही. बर्फ चिकट असल्यामुळे थोडा अधिक चढा राहतो, पण त्यालाही मर्यादा आहेच. आणि वजन? मुंबईकरांना समजेल असे उदाहरण घेऊ. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ढोबळ नियमाने एक इंच पाण्याचा सुमारे दहा इंच ताजा बर्फ होतो. तो पाऊस हिमरूपाने पडता तर साडेनऊ मीटरांच्या आसपास, म्हणजे तीन मजले बर्फ साचला असता! अशा ताज्या बर्फाचा एक मीटर जाडीचा थर छपराच्या दर चौरस मीटरवर सुमारे १०० किलोचा भार टाकतो, भिजून दबलेला बर्फ त्याच्या कितीतरी पट. थंड देशांतली छपरे चढ्या उताराची का असतात, ते येथे कळते.

चित्रात हे वजन जाडीतून दिसावे लागते. दादाने छपरावर पांढरा रंग दिला होता. आता त्याने खरा थर चढवला, त्याच्या कडा गोल केल्या, कुंपणाच्या प्रत्येक खांबावर टोपी बसवली. थर अगदी गुळगुळीत असला तर लोण्यासारखा दिसतो. म्हणून त्यावर अनियमित खाचखळगे हवेत. अशी नैसर्गिक वाटणारी अनियमितता गणिताने निर्माण करण्याची पद्धत केन पर्लिन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केली, आणि ढग, दगड, लाकूड यांच्यासाठी ती आजही वापरात आहे. आपला मार्ग ज्याला पडताळून पाहायचा असेल त्याच्यासाठी 'ब्लेंडर' नावाची फुकट मिळणारी प्रणाली आहे. ठीकसा संगणक मिळाला की पुरे.

डिस्नेच्या २०१३ च्या 'फ्रोझन' चित्रपटासाठी तर शास्त्रज्ञांनी बर्फ पायाखाली कसा दबतो, फुटतो, ढेकूळ होऊन कसा गडगडतो याचेही गणित बसवले. पण घराच्या एका स्थिर चित्राला एवढा खर्च परवडत नाही आणि त्याची गरजही नसते. तेथे हवे ते पाचवे आणि शेवटचे कारण, म्हणजे पडून गेल्यानंतर बर्फाचे काय झाले ते.

बर्फ पडतो एकदा, पण राहतो अनेक दिवस. त्या दिवसांत माणसे चालतात, वारा त्याला भिंतीच्या आडोशाला लोटतो, झाडाच्या बुंध्याभोवती तो लवकर वितळतो, रस्त्याकडेचा बर्फ चिखलाने करडा होतो. दादाने नव्या चित्रात शोभेसाठी छपराच्या कडेला बर्फाचे लोंबते सुळे काढले होते. ते पाहून पलीकडून लगेच हरकत आली. घरातली ऊब छपरातून बाहेर झिरपते, वरचा बर्फ वितळतो आणि थंड कडेशी येऊन पुन्हा गोठतो, तेव्हा असे सुळे लोंबतात. सुळे काढणे म्हणजे माझे छप्पर ऊब राखत नाही, असे चित्रातून जाहीर करणे! दादाने ते मुकाट्याने पुसले. त्यानंतरची हरकत मला अधिक आवडली. फाटकापासून दारापर्यंतची वाट मोकळी का नाही, आणि मोकळी केली तर फावड्याने काढलेला बर्फ कोठे टाकणार, तो जागा दाखवा. दादाने वाटेच्या डाव्या हाताला ढीग काढला. तो ढीग मोटारीच्या जागेवर आला. मग त्या वास्तुशिल्पज्ञाने चित्र नव्हे, नकाशाच बदलला आणि वाट दोन मीटर सरकवली.

त्या दिवशी मला या कामाचे मर्म कळले. बर्फाचे चित्र म्हणजे शोभा नव्हे, ती घराची परीक्षा आहे. वर्षातल्या सर्वांत कठीण महिन्यात घर कसे वागेल, हे ते बांधण्यापूर्वी विचारणे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि मग साहजिकच माझे लक्ष आपल्याकडच्या चित्रांकडे गेले. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, कोठेही जा. पुनर्विकासाच्या फलकांवर उंच इमारती उभ्या आहेत. सर्वांवर निळे आकाश, खाली हिरवळ, भिंतींवर ओलीचा एक डाग नाही, खिडकीत वाळत घातलेला एक कपडा नाही. जून ते सप्टेंबर हे चार महिने या इमारतींच्या आयुष्यात येतच नाहीत! २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या १२ व्या कलमानुसार जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाले, तर भरपाईची जबाबदारी विकासकावर आहे. पण निळे आकाश चुकीचे कसे म्हणावे? ते आठ महिने खरेच असते.

आमच्या वस्तीच्याही पुनर्विकासाचे बोलणे चालू आहे आणि तसेच एक चित्र आमच्याकडेही आले आहे. २००० सालच्या जुलैत घाटकोपरच्या डोंगरउतारावर दरड कोसळून साठाहून अधिक माणसे दगावली. माझ्या जन्मापूर्वीची ही घटना, पण आमच्याकडे पाऊस वाढला की वडील अजूनही रात्री उठून बाहेर बघून येतात. मी दादाला म्हटले, "दादा, टोरांटोचा जानेवारी काढलास, आता आसल्फाचा जुलै काढ."

"मला कोण सांगणार, पाणी कुठून येतं ते?" तो म्हणाला.

"मी सांगते. ते मी पाहिलंय."

चार रात्रींत चित्र झाले. प्रश्न तेच होते, फक्त उत्तरे पाण्याची. कोणत्या पृष्ठभागाचे तोंड आकाशाकडे, कोठे आडोसा, उतार किती, पडून गेल्यावर पाणी कोठे जाते. इमारत तीच, पण आकाश करडे, भिंती ओल्या, आणि डोंगरावरून येणारे पाणी आज ज्या घळीतून उतरते त्याच घळीवर जिन्याचा दरवाजा. निळ्या आकाशाच्या चित्रात ती घळ दिसत नव्हती, कारण तेथे हिरवळ काढली होती.

वडिलांनी ते चित्र छापून बैठकीत नेले. वडील शाळेत सातवीपर्यंत गेलेले, चारचौघांत फारसे बोलत नाहीत. त्यांनी दोन्ही चित्रे शेजारी शेजारी भिंतीला लावली आणि एवढेच विचारले, "हे पाणी कुठं काढणार, ते दाखवा." आलेल्या गृहस्थांनी प्रश्न वहीत लिहून घेतला. उत्तर अजून यायचे आहे. पण वस्तीतल्या बायका आता चित्र पाहताना आधी आकाश बघत नाहीत, जमिनीचा उतार बघतात.

असो. जे पाहिले नाही ते खरेपणाने रेखाटता येईल काय, असा प्रश्न घेऊन मी निघाले होते. येते, असे आता मी म्हणेन. ते का तसे होते, हे विचारण्याचे कष्ट घेतले तर. उलट जे रोज पाहतो तेच रेखाटायचे राहून जाते, कारण ते विचारावे असे आपल्याला वाटतच नाही. टोरांटोच्या त्या घरावर यंदा खरा बर्फ पडला असेल. दादा म्हणतो, फोटो मागवून बघू, आपला ढीग बरोबर ठिकाणी पडलाय का ते!